कमी मागणारा अर्ज

वसंत घाडीगावकर गेल्याची बातमी मला बोरिवलीच्या कचेरीबाहेर, माझ्या टेबलावर कळली. एका बाईंच्या वारस नोंदीचा अर्ज अर्ध्यावर आला होता. फोन आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राणे यांचा होता. "पेडणेकर, घाडी गेला रे," एवढेच ते म्हणाले. अशा वेळी माणसाने काय विचारावे याचे संकेत ठरलेले आहेत. केव्हा, कसे, कुठे... यांपैकी मी काहीही विचारले नाही. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "लाईट आहे ना?" समोरच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. राणेंना मात्र तो प्रश्न मुळीच विचित्र वाटला नाही. ते लगोलग म्हणाले, "आहे, आहे. वहिनींचं मशीन चालू आहे. मी त्यांच्या घरातूनच बोलतोय." तेव्हा मी खुर्चीला पाठ टेकली, सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मगच मला रडू आले.

वाचकांच्या माहितीसाठी नमूद करतो, की सदर मशीन म्हणजे घाडीच्या पत्नी सुलभा वहिनी यांचे हवेतून प्राणवायू काढून देणारे यंत्र. वहिनींची फुप्फुसे गेली काही वर्षे थकलेली आहेत. नाकाशी एक नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पलंगाजवळ घुमणारी ती पेटी, आणि पेटीची वायर भिंतीतल्या बटणात. असा त्यांचा संसार चौथ्या मजल्यावर चाललेला आहे. वीज गेली तर घरात इन्व्हर्टर आहे, कोपऱ्यात एक सिलिंडरही उभा आहे, परंतु हे दोघे काही वेळापुरते सोबती. घाडी म्हणे, "इन्व्हर्टर म्हंजे शेजारीण रे. घटकाभर बसात, मगे तिका पण घर आसा." त्यामुळे आमच्या इमारतीच्या जनरेटरविषयी तो जितका हट्टी होता तितका स्वतःच्या औषधांविषयी कधीच नव्हता. तो गेला तोही सकाळी, चहाचा कप हातात असताना, मान कलवून. कपातला चहासुद्धा सांडला नाही, असे वहिनी सांगतात. माझ्या टेबलाशेजारच्या त्याच्या दुकानाचे शटर त्या दिवशी उघडले नव्हते, आणि स्वारीला उशीर झाला असेल, असे मी मनाशी म्हणत होतो.

घाडीचे झेरॉक्सचे दुकान आणि माझे अर्ज लिहिण्याचे टेबल यांच्यात फक्त एक पायरी. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. परंतु कोणत्या साहेबापुढे "विनंती" लिहावी, कोणापुढे "नम्र विनंती" आणि कोणापुढे सरळ "मागणी", हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत, आणि मला ते येते. या उपनगरातील किती रेशनकार्डे, किती जातीचे दाखले, किती निवृत्तिवेतने माझ्या शब्दांवर स्वार होऊन घरोघर पोहोचली, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. लोकांनी ठेवली असेल. घाडी मला "वकीलसाहेब" म्हणे, आणि तेही सबंध फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात. "वकीलसाहेब, आज कोणाक फाशीवरसून उतरवलात?" मी अर्जात मान घालून लिहीत राही. मग तो माझ्याच अर्जाच्या प्रती काढता काढता म्हणे, "एका पानाचा काम चार पानात लिवलंस म्हणान माझो धंदो चलता, नायतर मी केवाच गावाक गेलेलंय." असा आमचा स्नेह. तो गडगडाटी होता, बढाईखोर होता, हरलेल्या वादात जास्त मोठ्याने बोलणारा होता. मृत माणसाविषयी खोटे लिहिण्याची पद्धत मला मान्य नाही.

त्याला जनरेटरचे जे काही कळत होते ते त्याने स्वतःचे नुकसान करून शिकलेले होते. दुकान नवीन असताना त्याने एका मंडपवाल्याकडून भला थोरला डिझेल जनरेटर स्वस्तात उचलला. लग्नाचा हॉल उजळणारे ते धूड दुकानामागच्या बोळात बसवले. त्याच्यावर चालणार काय, तर दोन झेरॉक्स मशीन, एक पंखा आणि एक ट्यूबलाईट! घाडी मात्र ऐटीत. "उद्या दहा मशिनी घेतलंय तरी चिंता नाय." वर्षभर वीज गेली की ते धूड गुरगुरत उठे आणि या चिमूटभर कामावर तासन्‌तास चालत राही. पुढे त्याच्या सायलेन्सरमधून काळा, चिकट, काकवीसारखा ओघळ गळू लागला. आणि नेमकी कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ चालू असताना, दाखल्यांच्या प्रतींसाठी रांग पार माझ्या टेबलाला वळसा घालून उभी असताना, वीज गेली. जनरेटर उठला, त्याने बोळ काळाकुट्ट केला, दोनदा खोकला आणि कायमचा बसला. रांग पांगली ती समोरच्या दुकानात गेली. मेकॅनिकने इंजिन उघडून आतली काजळी बोटावर घेऊन दाखवली आणि म्हणाला, "सेठ, आपने इसको भूखा मारा है. इतना बड़ा पेट, और खिलाया क्या? दो बिस्कुट!" ते वाक्य घाडी आयुष्यभर विसरला नाही. डिझेलच्या इंजिनाला त्याच्या मापाचे काम मिळाले नाही तर ते नीट तापत नाही, तापले नाही तर इंधन पुरते जळत नाही, आणि न जळलेले इंधन त्याचा गळा आवळते. जास्त भाराने इंजिन मरते हे सर्वांना ठाऊक असते. ते कमी भारानेही मरते, हे घाडीला बोळात कळले.

आता मुख्य विषयाकडे येतो. दहिसरची आमची जुनी चाळ पाडून तिथे सात मजल्यांची इमारत उभी राहायची होती. बिल्डरने द्यायच्या सोयींत एक जनरेटर होता, परंतु केवढा, हे करारात लिहिलेले नव्हते. तो खुलासा मागण्याचे काम सोसायटीने साहजिकच माझ्यावर सोपवले. आमच्यासारख्या लोकांची एक रीत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे : समोर सरकार असो की बिल्डर, हवे त्याच्या दुप्पट मागायचे, म्हणजे कापून कापून निम्मे हाती पडते. दोन नळ हवे असतील तर चार लिहा. ही रीत पाळली म्हणून आमच्या चाळीला रस्ता मिळाला, दिवे मिळाले. कमिटीतल्या कोणी अंदाजाने साठ केव्हीए ताकदीचा जनरेटर पुरेल असे म्हटले. मी मागणीपत्रात एकशे पंचवीस लिहिले, आणि त्याच्या समर्थनार्थ दीड पान भरले. पंधरवडाही झाला नसेल, बिल्डरचे उत्तर आले : मंजूर. एकशे पंचवीस, पूर्ण, एका आकड्याचीही काटछाट नाही! राणेंनी पेढे वाटले. "बिल्डर नमला," असे जो तो म्हणू लागला, आणि माझ्या लेखणीविषयीही चार चांगले शब्द बोलले गेले, ते मी इथे उद्धृत करत नाही.

पेढा न घेणारा एकटा घाडी. दुसऱ्या दिवशी तो दुकान सोडून माझ्या टेबलासमोरच्या बाकावर, गिऱ्हाईकाच्या जागी येऊन बसला. "पेडणेकर," तो म्हणाला. वकीलसाहेब म्हणाला नाही, तेव्हाच मी लेखणी खाली ठेवली. "बिल्डर पूर्ण देता म्हंजे काय, तुका कळला?"

"माझ्या मुद्द्यांत जोर होता."

"खड्ड्यात गेलो तुझो जोर! तेच्या दुसऱ्या साईटीवर जुनो एकशे पंचवीसचो डबो पडून आसा. तेका तो खपवूचो आसा. तू मागलंस, तेणी टाकल्यान. आपल्याक लागता किती? लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, घरागणिक एक दिवो एक पंखो, आणि सुलभाचा मशीन. तेवढ्यासाठी हत्ती? माझ्या बोळातलो विसारलंस?"

"मोठा असला म्हणून काय बिघडले? राहील आपला."

"रवाचो नाय, तीच तर भानगड," तो म्हणाला आणि एकदम शुद्ध मराठीत, हळू बोलू लागला. "उपाशी राहून कुजेल तो. आणि ज्या दिवशी खरंच लागेल त्या दिवशी धूर काढून बसेल. त्या दिवशी चौथ्या मजल्यावर कोण असेल, सांग?" मग त्याने काम सांगितले. बिल्डरला नवीन अर्ज करायचा : एकशे पंचवीसचा जुना नको, चाळीसचा नवा द्या. मी त्याला बजावले, की माझ्या हातून आजवर शेकडो अर्ज गेले, परंतु मिळालेले कमी करून द्या असा अर्ज या कचेरीबाहेरच काय, मुंबईत कुठे लिहिला गेला असेल असे मला वाटत नाही. "मगे काय तर," घाडी म्हणाला, "तुझा नाव होतला."

चाळीस हा आकडा त्याने हवेतून काढलेला नव्हता. लिफ्ट बसवणारा, पंपवाला आणि जनरेटर विकणारा, अशा तिघांना त्याने दुकानात एकत्र बसवून चहा पाजला आणि आपापसांत भांडायला लावले. मीही ऐकत होतो. त्यातून मला उमगले ते साध्या भाषेत असे : सगळी उपकरणे मिळून किती वीज खातात हे एक माप; परंतु मोटर निवांत चालताना जेवढी खाते त्याच्या कितीतरी पट उठताना क्षणभर ओढते, हे दुसरे. म्हणून बाकी सर्व चालू धरायचे, त्यावर सर्वांत मोठ्या मोटरचे उठणे धरायचे, थोडी सैल जागा ठेवायची, आणि तिथे थांबायचे. लिफ्ट आणि पंप एकाच क्षणी उठले तर चाळीस कमी पडला असता. विकणारा साठ घ्या म्हणत होता, अर्थात तो विकणारा. घाडीने तोड काढली, की जनरेटर चालू असताना पंप आपोआप लागणार नाही, तो माणसाने हाताने लावायचा, लिफ्ट मार्गी लागल्यावर. आणि घरात कोणी दिवा-पंख्याच्या बटणावर इस्त्री, मिक्सर, गीझर जोडायचा नाही.

सभेत हाच मुद्दा पेटला. सभा बांधकामाच्या जागी, पार्किंगमध्ये, उसन्या खुर्च्यांवर भरली होती. राणे हे निवृत्त बसकंडक्टर, शेवटच्या प्रवाशापर्यंत आवाज पोहोचवण्याची सवय असलेले. "फुकट मिळालेलं मोठं परत देऊन छोटं मागणारा माणूस मी बघितला नाही," ते म्हणाले. मागून कोणीतरी ओरडले, "घाडी, बिल्डरान तुका काय खिलवल्यान रे?" हशा झाला. घाडी उभा राहिला. "तुझ्यापेक्षा चांगला जेवण खिलवल्यान," तो म्हणाला, आणि मग बोळातल्या जनरेटरची सगळी कथा, काकवीच्या ओघळासकट, सांगितली. लोक ऐकत होते. परंतु राणे हलले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न अन्यायाचा नव्हता. "तुझा छोटा जनरेटर माणसं नियम पाळतील या हिशोबावर उभा आहे. एका घरात कोणी इस्त्री लावली, दुसऱ्यात मिक्सर, की सगळं बंद. आपली माणसं तुला माहीत नाहीत? त्यांच्या ऐकण्यावर तू बायकोचा जीव टांगतोस?" घाडीने सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "होय," तो म्हणाला. "इंजिनापेक्षा ह्यांका मी जास्त वर्षां ओळखतंय." मतदान झाले. चार-पाच मतांनी तो जिंकला, म्हणजे निम्म्याजवळ लोक त्याच्या विरुद्ध राहिले, हेही खरे.

घरी परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. दहिसर नदीवरच्या पुलाशी तो थांबला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. "पेडणेकर, चुकलो असेन तर?" तो म्हणाला. मी माझ्या सवयीप्रमाणे काही भारदस्त वाक्य जुळवू लागलो. त्याने हात वर केला. "काय बोलू नको रे. माका फक्त कोणाक तरी विचारूचा होता..." खालून पाणी जात होते, आणि त्याचा वास चांगला नव्हता, एवढे मला स्मरते.

तो अर्ज मी लिहिला. स्वतःच्या लेखनाविषयी स्वतः बोलू नये, परंतु या एका अर्जाविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे. जास्त मागण्यात कौशल्य नाही. ज्याला हात पसरता येतो तो प्रत्येक जण मागतो. कमी मागणे कठीण, कारण घेणारा का नाकारतो आहे या संशयाने देणारा सावध होतो. आणि बिल्डरला नवा चाळीसचा विकत घ्यावा लागणार होता, जुना एकशे पंचवीसचा तर पडूनच होता. मी आभाराने सुरुवात केली. मग अत्यंत आदराने दाखवून दिले, की एवढ्या मोठ्या यंत्राला पाया, हवा खेळण्याची जागा आणि धुराचा नळ धरून जो कोपरा लागेल, त्यात त्यांनी स्वतःच्या विक्रीसाठी राखलेल्या दोन गाड्यांच्या जागा जातात, सोसायटी त्या जागांना मुकत नाही, "आपण मुकता, याचे आम्हांस वाईट वाटते." हे शेवटचे वाक्य मी चार वेळा बदलले. बिल्डरच्या ऑफिसात त्यांच्या माणसाने अर्ज वाचला, वर पाहिले, पुन्हा वाचला. "काका, हे कुणी लिहिलंय?" घाडीने माझ्याकडे बोट दाखवले आणि सबंध ऑफिसला ऐकू जाईल असे म्हणाला, "आमचे वकीलसाहेब." त्या दिवशी त्या शब्दात थट्टा नव्हती. चाळीसचा नवा मंजूर झाला. जुना बिल्डरने शेजारच्या त्याच्याच इमारतीला दिला, आणि तिथेही पेढे वाटले गेले.

आम्ही राहायला आलो, जनरेटर बसला, आणि मग एक अडचण उभी राहिली जिचा कोणी विचार केला नव्हता : वीज जाईना! मुंबईचे हे वैशिष्ट्यच म्हणायचे. दहा-पंधरा मिनिटे जाई, परत येई. ज्या गोष्टीसाठी माणूस सबंध इमारतीशी भांडला ती गोष्ट खरी ठरण्याची वेळच येत नव्हती. घाडी मात्र दर शनिवारी सकाळी खाली उतरे आणि जनरेटर चालू करी, तोही नुसता नव्हे. "रिकामी चलवलंय तर परत उपाशीच," असे म्हणून तो त्यावर दिवे टाकी, लिफ्ट टाकी, मग पंप लावी. अर्धा तास हा सोहळा चाले. शेजारीच एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची, तिच्या फुटलेल्या पाठीला तारेचे टाके, तीत कानांत कापूस घालून घाडी पेपर धरून बसे. लोक म्हणत, "शनिवारचा मारुती पावला का, घाडी?" कोणी त्याच्यापुढे नारळ ठेवून जाई. मी एकदा विचारले, की बाबा रे, हे यंत्र आपोआप चालते, त्या आवाजात आणि त्या उष्ण वाऱ्यात तू बसतोस कशाला? वर घरात बस. तो म्हणाला, "पाय दुखतत." आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहून हात हलवला. वरून वहिनी पिवळा नॅपकिन हलवत. मशीन ठीक चालले आहे, अशी ती खूण होती. मीही मान्य केले, की पाय दुखत असतील.

त्याचे तेरावे होऊन आठवडाही लोटला नव्हता. सकाळच्या वेळी आमच्या रस्त्यावर खोदकाम करणाऱ्यांनी विजेची मोठी केबल तोडली. सगळा भाग बंद पडला, आणि दुपार होता होता बातमी आली, की रात्रीपर्यंत आशा धरू नका. सांगायचे कारण असे, की घाडी गेल्यावर जनरेटरची किल्ली कोणाकडे द्यावी यावर कमिटीत चर्चा होण्याआधीच राणेंनी ती आपल्या जानव्याला बांधली होती. आम्ही दोघे खाली धावलो. राणेंनी किल्ली लावली. "पहिलं काय रे?" त्यांनी मला विचारले. आम्ही दोघांनी मिळून ते घाडीच्या आवाजात आठवले : आधी दिवे, मग लिफ्ट, लिफ्ट वर पोहोचेपर्यंत थांबायचे, मग पंप. जनरेटर उठला. दिवे घेतले, तो हललाही नाही. लिफ्ट घेतली. देवाची पालखी खांद्यावर येताना भोई जसा एकदा गुडघ्यात वाकतो आणि मग सरळ होऊन चालू लागतो, तसा त्याचा आवाज एकदा खाली बसला आणि सावरला. पंप घेतला. पुन्हा वाकला, पुन्हा सावरला. धुराच्या नळाच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, काळे काही नव्हते. राणे त्या नळाकडे किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. "च्यायला, घाडी..." एवढेच म्हणाले.

परंतु यंत्र टिकले तरी माणसे टिकायची होती, आणि राणेंनी सभेत विचारलेला प्रश्न तोच होता. दुपार उकाड्याची होती. पंखे चालू, पण एसी नाहीत, फ्रिज नाहीत. मी जिन्यात उभा होतो, कान देऊन. दुसऱ्या मजल्यावर मिक्सरचा घर्रर्र असा आवाज सुरू झाला आणि त्याच क्षणी तीन दारे उघडली. "कोण ता मिक्सर लावता? चटणी उद्या खावा!" एक बाई ओरडल्या. "सॉरी काकू, विसरले," आतून उत्तर आले. "विसरले काय! वर सुलभा आहे ना!" वरच्या मजल्यावरून कोणी म्हणाले, "इस्त्री पण नको हां कोणी, चुरगळलेले कपडे घाला एक दिवस, कोण बघायला येणार नाही." जिनाभर हसू पसरले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकही आवाज आला नाही. सभेत घाडीच्या विरुद्ध मत देणारी माणसे त्या दिवशी एकमेकांच्या बटणांवर पहारा करीत होती. त्याने त्यांना बरोबर ओळखले होते... आणि ते पाहायला तो नव्हता.

शेजारच्या इमारतीतला तो एकशे पंचवीसचा त्या दिवशी सुरू झाला, पुष्कळ धूर ओकत काही वेळ चालला आणि दुपारी बंद पडला. तो आकारामुळे पडला, वयामुळे पडला की निगेअभावी, हे मला माहीत नाही, आणि पुराव्यावाचून विधान करण्याची मला सवय नाही. तिथल्या एका आजोबांना मात्र आमच्या लिफ्टने वर आणून दुपारभर राणेंच्या घरी पंख्याखाली झोपवले, हे मी स्वतः पाहिले आहे.

दिवेलागणीनंतर वीज आली. मी वहिनींकडे गेलो. पेटी घुमत होती. कोपऱ्यातल्या सिलिंडरला हातसुद्धा लावावा लागला नव्हता. वहिनी उठून बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर झोपेच्या खुणा होत्या. "भाऊजी, मी दुपारभर गाढ झोपले होते," त्या काहीशा संकोचाने म्हणाल्या. "हे गेल्यापासून पहिल्यांदाच. इतकं सगळं झालं आणि मला पत्ताच नाही." मी परतताना जिन्यात थोडा वेळ थांबलो. पुलाच्या कठड्याशी त्याने मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. आता ते आहे, साधे आहे, आणि त्याला दीड पान लागत नाही. नाही चुकलास, घाडी.

आता शनिवारचे काम राणे करतात. केबल तुटल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मीही सोबतीला खाली गेलो. जनरेटर चालू झाला, दिवे, लिफ्ट, पंप, सगळे क्रमाने झाले. ती टाके घातलेली खुर्ची होती तिथेच होती. राणे तिच्या बाजूला, हाताची घडी घालून, ताठ उभे. मला कळत होते. एखाद्याच्या जागी लगेच बसू नये, असे आपल्याकडे मानतात. मी वर पाहिले तर खिडकीत वहिनी होत्या, परंतु नॅपकिन हलत नव्हता. इतक्यात माझा फोन वाजला.

"भाऊजी, राणेंना बसायला सांगा ना," वहिनी म्हणाल्या.

"ते उभेच बरे आहेत म्हणतात, वहिनी."

"तसं नाही हो. इथून मला यंत्राचं काय कळणार? हे खुर्चीत बसलेले दिसायचे ना, म्हणजे सगळं ठीक आहे, असं ठरलं होतं आमचं. म्हणून तर बसायचे त्या धगीत. उभा माणूस दिसला की माझा जीव घाबरा होतो, वाटतं, काहीतरी बिघडलंय."

मी फोन खाली घेतला आणि राणेंना निरोप सांगितला. त्या गोंगाटात मला तो दोनदा सांगावा लागला. राणेंनी खुर्चीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. मग त्यांनी विजारीच्या खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसली आणि ते हळूच, तारेच्या टाक्यांना पाठ लागू न देता, तीत बसले.

वर पिवळा नॅपकिन हलला.